नाच कोणाचा आणि शास्त्र कोणाचें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

मावळांतील एका शाळेच्या संमेलनांत गेल्या वर्षीं एका मुलीचें नांव ऐनवेळीं खोडलें गेलें. आजीकडून शिकलेली लावणी ती करणार होती. आजी तमाशाच्या फडांतली. परीक्षकमहाशय म्हणाले, "शास्त्रीय नृत्य असेल तर चालेल, असला नाच नको." मी तेथें हजर होतों आणि गप्प बसलों. म्हणून आज लिहितों.

शास्त्र म्हणतें काय? भरताचें नाट्यशास्त्र अभिनयाचे चार प्रकार सांगतें. हात, मान, डोळे, पाय यांनीं बोलणें तें आंगिक. शब्द व सूर तें वाचिक. वेषभूषा तें आहार्य. आणि मनांतला भाव अंगावर कांटा किंवा डोळ्यांत पाणी होऊन उमटला कीं सात्त्विक. निव्वळ तालावरचीं पावलें तें नृत्त, त्यांत अर्थ भरला कीं नृत्य.

आतां बैठकीची लावणी आठवा. बाई बसलेलीच असते. एकच ओळ ती पुन्हां पुन्हां घेते. एकदां भुवई उचलून रुसते, एकदां पदराआड हसते, तिसऱ्या वेळीं नुसत्या बोटांनीं दाराची कडी लावते. कथ्थकवाले ह्याला 'भाव बताना' म्हणतात, आपण अदा म्हणतों. यमुनाबाई वाईकरांना ह्याच कलेसाठीं २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. ढोलकीच्या तोड्याला घुंगरांनीं दिलेलें उत्तर, तें नृत्त नव्हे तर काय? फडांत पोटासाठीं अचकटविचकटही चालतें, हें मी नाकारीत नाहीं. पण त्यासाठीं सगळी विद्याच ओवाळून टाकायची काय?

त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांत लिहिलें आहे कीं, शूद्रांना वेद ऐकण्याची बंदी, म्हणून सर्व वर्णांसाठीं हा पांचवा वेद निर्माण केला. शेवटीं तर ऋषींची टवाळी केली म्हणून भरतपुत्रांना शूद्र होण्याचा शाप! नाचणारे कोण होते, हें शास्त्रच सांगून बसलें आहे. परीक्षकमहाशयांनीं तेवढीं पानें वाचलीं नसावींत.

बरें, ज्या भरतनाट्यमचा एवढा मान, त्याचा आजचा क्रम कोणीं बसविला? तंजावरच्या भोसले दरबारांत, दुसऱ्या सरफोजींच्या काळीं, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु ह्या चार भावांनीं. पिढीजात नाच शिकविणारे ते, आणि नाचणाऱ्या देवदासी. त्या नाचाला तेव्हां सदिर म्हणत, आणि पुढें भल्या घरांत त्याचें नांवही घेत नसत. १९३० नंतर नांव पालटलें, १९३६ सालीं रुक्मिणीदेवींनीं अड्यारला संस्था काढली, आणि तोच नाच पवित्र झाला! बालासरस्वतींसारख्या थोड्या सोडल्या तर देवदासींच्या लेकींची जागा मात्र गेली.

तंजावर दूर वाटत असेल तर मळवलीला उतरा. एका बाजूस भाज्याच्या विहारांत दोन हजार वर्षांपासून दगडांतली बाई नाचते आहे, शेजारीं वाद्य वाजतें आहे. दुसऱ्या बाजूस कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या, कमरेला बाक देऊन उभ्या. आणि दाराशीं ब्राह्मी अक्षरांत कोरलें आहे कीं, हें दाराचें काम धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुताराचें. सुतार, बंधूंनो!

यंदाच्या संमेलनांत त्या मुलीला नाचूं द्यावें आणि आजीला ढोलकीवाल्यासह पुढच्या रांगेंत बसवावें, असा अर्ज मीं शाळेकडे दिला आहे. खालीं सह्या हव्या आहेत. अंगठाही चालेल.