पहिल्या वर्षाची मात्रा

सांगलीचे एक आजोबा नातीला घेऊन आले. डोकेदुखी, निद्रानाश, तपासणीत दोष नाही. ती विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात. मुख्य विषय गणित. खुला विषय लेखाशास्त्र, पाया नसताना, निवृत्त हिशेबनीस आजोबांच्या आग्रहाने!

२०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांकांचा भार असतो. रक्तदाबाची गोळी आम्ही अल्प मात्रेने सुरू करून, प्रकृती पाहून वाढवतो. बारावीपर्यंत न शिकलेला विषयही प्राथमिक पातळीपासूनच घ्यावा. बदल हवा असल्यास सत्रारंभीच प्राध्यापकांना भेटावे.

आजोबा क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, “डॉक्टर, माझी हौस मी तिच्या माथी मारली.”

नातवंडांना गुण विचारण्याआधी विचारा : वर्गातले समजते ना? झोप लागते ना?