बावड्यात पाहण्यासारखे काय आहे?

परगावचा पाहुणा आला की आपण त्याला अंबाबाईचे दर्शन घडवतो, रंकाळ्यावर फिरवतो, जमल्यास पन्हाळ्यालाही नेतो. कसबा बावड्याचे नाव काढले, तर "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असा प्रश्न येतो. मी बावड्याचा. पक्षपाताचा आरोप पत्करूनही म्हणतो की, कोल्हापूर समजून घ्यायचे तर बावड्याला आलेच पाहिजे.

२६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव इथल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मले आणि १८८४ साली दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. रिकाम्या होणाऱ्या सरकारी नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम त्यांनी १९०२ मध्ये काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्यातील कितीतरी जण घरातले पहिलेच पदवीधर ठरणार आहेत. त्यांना तरी ही वास्तू परकी वाटू नये. पण बावड्याच्या वाटेवरचा नवा राजवाडा पाहून आपण माघारी फिरतो.

दुसरे स्थळ पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. बरगे घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीला वाट द्यायची, ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रीत. नदीच्या पाण्यावर ऊस, आणि उसावर इथला राजाराम साखर कारखाना. पावसाळ्यात याच बंधाऱ्यावरील पातळीकडे जिल्ह्याचे डोळे लागतात : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. हे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. बंधारा मात्र अनेकांनी पाहिलेला नसतो.

कोणी म्हणेल, बंधारा हे काय सहलीचे ठिकाण झाले? माझे उत्तर असे की, उन्हाळ्यातली शांत नदी आणि पुराचे पाणी कुठवर चढले होते ते ठिकाण, ही दोन्ही ज्याने डोळ्यांनी पाहिली, तो पूररेषेच्या आत प्लॉट घेताना दहादा विचार करील. उद्या घरे बांधणारे आपणच आहोत.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे. प्रथम वर्षाच्या प्रत्येक वर्गाची एक दुपार बावड्यासाठी राखावी. जन्मस्थळी इतिहासाच्या सरांनी बोलावे, बंधाऱ्यावर भूगोलाच्या. वाट दाखवायला आम्ही बावडेकर विद्यार्थी आहोतच.