दिवा विझला, पण दुखणे गेले का?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात टुरिस्ट गाडी चालवून संसार ओढणारे तरुण आज गल्लोगल्ली दिसतात. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून पुष्कळजण पाच-सात वर्षे वापरलेली गाडी घेतात. त्यासाठी कोणी आईचे डाग गहाण ठेवतो, कोणी पतपेढीचे कर्ज काढतो, कोणाच्या वडिलांचा फंड त्यात जातो. गाडी दारात येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात. आणि कधी कधी आठ-दहा दिवसांतच स्टेअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो. गाडी पाहायला गेलो तेव्हा हा दिवा नव्हता, असे घरातले सगळे शपथेवर सांगतात. ते खरेच असते. दिवा नव्हता, कारण तो आदल्या दिवशी विझवलेला होता.

गाडीतले आपल्याला काय कळते, असे म्हणून भगिनींनी हे पान उलटू नये. पैसा घरातून जातो, तेव्हा माहितीही घरात असावी. आणि यात कळायला अवघड असे फारसे काही नाही.

जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. त्या काळी पीयूसीला जाण्याआधी मेस्त्री एक स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करी, गाडी पास होई, आणि बाहेर आल्यावर पिकअप मिळत नाही म्हणून तोच स्क्रू पुन्हा पूर्वीसारखा केला जाई. तपासणीपुरती गाडी सभ्य! पुढे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. कारण शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. या प्रवासात स्क्रू गेला आणि त्याच्या जागी संगणक बसला. २०१३ पासूनच्या आपल्याकडील मोटारींत हा संगणक इंजिनावर आणि धुरावर स्वतःच पहारा ठेवतो. बिघाड सापडला की त्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, नोंदवतो आणि तो पिवळा दिवा लावतो.

पण बिघाड सापडण्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते. इथेच खरी गोम आहे. संगणक काही गोष्टींवर गाडी चालू असेतोवर सतत लक्ष ठेवतो: सिलिंडर बरोबर पेटतो आहे का, पेट्रोल-हवेचे प्रमाण ठीक आहे का, सेन्सरच्या वायरी शाबूत आहेत का. बाकीच्या तपासण्या मात्र तो सवडीने करतो. कन्व्हर्टर काम करतो का, ऑक्सिजन सेन्सर वेळेवर उत्तर देतो का, काही गाड्यांत टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाते का, याची परीक्षा घेण्यासाठी त्याला ठराविक परिस्थिती लागते. इंजिन पुरेसे तापलेले हवे, वेग काही मिनिटे स्थिर हवा, वगैरे. या एकेका तपासणीला मॉनिटर म्हणतात. तपासणी पुरी झाली की त्या मॉनिटरसमोर ‘पूर्ण’ अशी नोंद होते, नाहीतर ‘अपूर्ण’.

सरकारी दवाखान्यातला केस पेपर आठवा. रोग्याचा केस पेपर फाडून टाकला, तर रोग बरा होतो काय? नवा कोरा कागद हातात येतो, त्यावर काहीच लिहिलेले नसते, आणि डॉक्टरला रक्त, लघवी, एक्स-रे सगळे पुन्हा करावे लागते. बॅटरीची वायर काढून ठेवणे किंवा स्कॅनर लावून कोड उडवणे म्हणजे हा केस पेपर फाडणेच होय. दिवा विझतो, पण त्याबरोबर त्या सवडीच्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते आणि त्या सगळ्या ‘अपूर्ण’ होतात. (वायर काढल्याने नोंद पुसणे सगळ्याच गाड्यांत होत नाही, स्कॅनरने मात्र होते.) मग गाडी चालू लागली की संगणक एकेक तपासणी पुन्हा करतो, जुना बिघाड पुन्हा सापडतो आणि दिवा परत येतो. मधल्या त्या चार-आठ दिवसांत गाडी विकली गेलेली असते.

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून अशी व्यवस्था सर्व मोटारींना सक्तीची आहे, आणि तिथल्या अनेक राज्यांत धूर तपासणी करणारा माणूस गाडीच्या संगणकाला वायर जोडून हीच नोंद वाचतो. २००१ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत एकाहून अधिक मॉनिटर अपूर्ण असतील, तर साधारणपणे गाडी चालवून या, मग बघू, असे सांगून परत पाठवतात. काही राज्ये याहूनही कडक आहेत. नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही. नवी बॅटरी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेले, की हेलपाटा ठरलेला.

आपल्याकडे तसे नाही. पीयूसी केंद्रावर आजही सायलेन्सरमध्ये नळी घालूनच धूर मोजतात. पेट्रोलच्या भारत स्टेज चार व पुढच्या मोटारीत, इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागते. मग इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेऊन कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आहे का आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण ठीक आहे का, ते पाहतात. संगणकाला कोणी काही विचारत नाही. म्हणूनच दिवा लागलेली गाडीसुद्धा पीयूसीत पास होऊ शकते, आणि दिवा विझवलेली गाडी नापासही होऊ शकते. दिवा घालवला की पीयूसीचे काम झाले, असे गॅरेजमध्ये कोणी सांगत असेल तर त्याला नळीशी दिव्याचा संबंध काय, एवढेच विचारावे.

पीयूसीसाठी खरी तयारी वेगळी आहे. कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यामुळे घराखालून गाडी काढून कोपऱ्यावरच्या केंद्रावर थंडगार नेली, तर चांगली गाडीही जास्त आकडे दाखवते. पंधरा-वीस मिनिटे चालवून, गरम असतानाच नळी घालू द्यावी. रांगेत बराच वेळ बंद करून ठेवू नये. एअर फिल्टर कळकट झाला असेल तर आधी बदलावा, सायलेन्सरला भोक असेल तर बुजवून घ्यावे, कारण बाहेरची हवा आत शिरली की मोजणी चुकते. भारत स्टेज चार आणि पुढच्या गाडीला हा दाखला वर्षभर चालतो, त्याआधीच्या गाडीला सहा महिने. दाखला नसेल, तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रोजाने गाडी चालवणाऱ्याच्या घरात दहा हजार म्हणजे मुलाची शाळेची फी.

आता मॉनिटरकडे पुन्हा वळू. दुरुस्ती प्रामाणिकपणे केली असेल, सेन्सर बदलला असेल आणि कोड पुसला असेल, तर दुखणे खरेच गेले की नाही हे मॉनिटर पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही. मेस्त्रीचे बिल देऊन टाकण्याआधी हे पाहिले तर उत्तम. पण आपल्या भागात नेमके तेच अवघड. तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत, किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला स्थिर वेग मिळणार कुठून? रोज शंभर किलोमीटर चालूनही कन्व्हर्टरची तपासणी आठवडाभर अपूर्ण राहू शकते, ती यामुळे.

त्यासाठी एक सकाळ खर्च करावी. गाडी आदल्या रात्री बंद केलेली असावी. सात-आठ तास थंड झालेले इंजिन सकाळी सुरू झाले की काही तपासण्या तेव्हाच होतात. टाकी पाव भरलेली ते पाऊण भरलेली या दरम्यान असावी. दोनशे-तीनशेचे पेट्रोल टाकून लाल काट्यावर गाडी चालवायची आपली सवय इथे आड येते, कारण ज्या गाड्यांत टाकीच्या वाफेची तपासणी आहे, तिथे संगणक रिकाम्या किंवा काठोकाठ भरलेल्या टाकीवर ती करतच नाही. (आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ही तपासणी मुळातच नाही, तिथे स्कॅनर ‘लागू नाही’ असे दाखवतो. त्याची काळजी करू नये.) दोन-तीन मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवावी आणि उजाडताना निघावे. ठाणेकरांनी माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरावा. कल्याणकरांना दुर्गाडीवरून कोन ओलांडून राजनोली नाक्याला हाच महामार्ग मिळतो. पडघ्याच्या दिशेने, जिथे रस्ता मोकळा सापडेल तिथे, वरच्या गिअरमध्ये ताशी ७० ते ८० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटे चालवावे. मग मागे गाडी नाही असे पाहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ब्रेक न दाबता, गिअरमध्येच, वेग ४० पर्यंत उतरू द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. प्रत्येक कंपनीची अट थोडी वेगळी असते, पण बहुतेक पेट्रोल गाड्यांना एवढे एक-दोन दिवस पुरते. त्यानंतरही कन्व्हर्टरचा मॉनिटर अपूर्णच राहिला, तर थर्मोस्टॅट पाहून घ्यावा. तो उघडा अडकला असेल तर इंजिन पुरेसे तापतच नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक पेच असतो. काही किटमुळे इंजिनाच्या संगणकाला पेट्रोल-हवेचा हिशेब नीट लागत नाही आणि दिवा विनाकारण लागतो. अशा वेळी ही सकाळची फेरी पेट्रोलवर करून पाहावी. पेट्रोलवर सगळे ठीक आणि गॅसवर दिवा, असे आढळले तर दोष इंजिनात नसून किटच्या जुळवणीत असण्याची शक्यता जास्त, आणि मग किटवाल्याकडे जावे, इंजिन उघडणाऱ्याकडे नव्हे.

राहिली जुनी गाडी विकत घेण्याची गोष्ट, आणि मला वाटते आपल्या घरांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची. स्कॅनर म्हणजे काही कंपनीच्या वर्कशॉपमध्येच असणारे यंत्र नव्हे. काडेपेटीएवढी वस्तू असते, मोबाईलला जोडता येते, आणि हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळते. चार मित्रांत मिळून एक घेतली तरी चालेल. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा टोकांचा एक सॉकेट असतो, तिथे ती बसते. पाहायचे ते कोड नव्हेत. ते विकणाऱ्याने उडवलेलेच असणार. पाहायचे ते मॉनिटर. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत सवडीच्या तपासण्या बहुतेक पूर्ण असायला हव्यात. सगळ्याच्या सगळ्या अपूर्ण दिसल्या, तर केस पेपर नुकताच फाडला आहे असे समजावे. पुष्कळ गाड्यांत तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडाही निघतो. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तो आकडा नऊ निघाला, तर विकणाऱ्याला काय विचारायचे ते सांगायला नको.

बॅटरी कालच बदलली, असे उत्तर येईल. ते खरेही असू शकते; नव्या बॅटरीची पावती मागावी. पावती नसेल तर भांडू नये. चार दिवस गाडी चालवा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या, मग टोकन देतो, असे शांतपणे सांगावे.

स्कॅनर नसेल तरी एक गोष्ट बिनपैशाची आहे. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी तो पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल, तर कोणीतरी त्याची वायर तोडली आहे किंवा आतून चिकटपट्टी लावली आहे. मागच्या बाजूला वाकून सायलेन्सरही पाहावा. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात; ‘गाडी मोकळी होते’ असे सांगून तो कापून काढायचा आणि परस्पर विकायचा, हा धंदाही चालतो. त्या जागी साधा पाइप आणि ताजे वेल्डिंग दिसले, तर नवा कन्व्हर्टर टाकायला वीस-तीस हजारही लागू शकतात, तो आकडा किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. आणि घेतलेल्या गाडीत कधी हा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागला, तर सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे असे समजावे. भाडे असले तरी गाडी कडेला घ्यावी, प्रवाशाला दुसरी गाडी बघून द्यावी आणि मेस्त्रीला तिथेच बोलवावे.