कलम १५ मधलं तळं

नोव्हेंबर उजाडला की कॉलेजांना घटना आठवते. २६ तारखेचा संविधान दिन म्हणजे उद्देशिकेचं वाचन, एक पाहुणे, हार-नारळ आणि क्विझ. रोह्यात शिकणाऱ्या माझ्या मामेभावाने तयारीचे शंभर प्रश्न पाठवले, "दादा, उत्तरं चेक कर ना." केली. मूळ घटनेत कलमं किती? ३९५. परिशिष्टं? ८. सह्या किती जणांच्या? २८४. हाताने कोणी लिहिली? प्रेम बिहारी नारायण रायजादा.

सगळं बरोबर. पण मंडळी, ही घटनेची परीक्षा झाली की तिच्या बाइंडिंगची?

बरं, हे आकडेही वाटतात तितके सरळ नाहीत. घटनेला वेळ किती लागला, २ वर्षं ११ महिने १७ दिवस की १८? ९ डिसेंबर १९४६ ते २६ नोव्हेंबर १९४९. पहिला दिवस मोजा, १८ येतात, सोडा, १७. आमच्या धंद्यात याला 'ऑफ बाय वन' म्हणतात आणि चहाला जातात :-) ३९५ चंही तसंच. २१क, २४३क अशी कलमं मधे घुसली, म्हणून शेवटचा नंबर आजही ३९५, पण मोजायला बसलात तर कितीतरी जास्त.

मला विचाराल तर रायगड जिल्ह्यातल्या पोरांना पहिला प्रश्न हा हवा: कलम १५ मध्ये 'तलाव' हा शब्द कशाला?

समता, न्याय असे मोठे शब्द चालू असताना मधेच विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते! कारण शोधायला दिल्लीला जायला नको, रोह्याहून महाडची एसटी पकडा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ लाच झाला होता. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर सगळं ओके, पाण्यापर्यंत मात्र कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. लोकांना मार बसला, मग विरोधक कोर्टात गेले, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ च्या मार्चमध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

पुढे तेच बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आता १५(२) वाचा. मूलभूत हक्क बहुतेक ठिकाणी सरकारला बांधतात, इथे मात्र एका नागरिकाने दुसऱ्याला अडवायचं नाही असं आहे. तळ्यावर अडवणारं सरकार नव्हतं, गावच होतं. मला तरी हे कलम बग रिपोर्ट समोर ठेवून लिहिलेल्या कोडसारखं वाटतं. आणि आपण पोरांना विचारतो काय, तर लाईन नंबर.

अशा उत्तरांना मार्क द्यायला वेळ लागतो, परीक्षक वैतागतात, हे मान्य. तर मग शंभरातले दहा तरी असे घ्या. दुसरा मीच देतो: राज्याची हद्द बदलताना संसदेला त्या राज्याची संमती लागते का? लागत नाही, कलम ३ प्रमाणे नुसतं मत मागवावं लागतं. ज्यांचं घराणं रोह्याचं, ते चिंतामणराव देशमुख १९५२ ला कुलाब्यातून निवडून गेलेले, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला.

शंभर प्रश्नांच्या त्या यादीत ते आहेत, पण 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण' इथे.