माउस कुणाच्या हातात?

पुण्यातल्या शाळांमध्ये 'डिजिटल वर्ग' ही आता पाहुण्यांना अभिमानाने दाखवायची गोष्ट झाली आहे. पडदा, प्रोजेक्टर आणि त्यावर चालणारा भूगोलाचा धडा. आम्ही वस्तीतल्या सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर काम करतो. आमचा प्रश्न साधा आहे: या वर्गात माउस कुणाच्या हातात असतो?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये 'फेट' प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स मोफत आहेत, अनेक मराठीतही आहेत आणि नवी बहुतेक एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. भूपट्टांच्या सिम्युलेशनमध्ये मूल भूकवचाच्या तुकड्याचं तापमान आणि जाडी बदलतं, दोन भूपट्ट एकमेकांवर ढकलतं. जड कवच खाली सरकतं, डोंगर वर येतो, लाखो वर्षं काही सेकंदांत उलटतात. 'हे जाड केलं तर?' असं ते स्वतःलाच विचारतं. सगळी किंमत या 'तर'ची आहे. शिक्षकांनी पुढे उभं राहून चालवलं आणि पन्नास मुलांनी नुसतं पाहिलं, की त्याचा सिनेमा होतो. महागड्या शाळेतलं मूल घरी जाऊन लॅपटॉपवर तेच पुन्हा करून पाहतं. वस्तीतलं मूल पाहू शकत नाही. अहवालात मात्र दोघंही 'डिजिटल'!

दुसरी गोष्ट, हे सॉफ्टवेअर काय दाखवत नाही. त्यातून मुलाच्या मनावर ठसतं की जे काही घडतं ते भूपट्टांच्या सीमेवर. पण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ज्यात सुमारे १० हजार माणसं गेली, तो भारतीय भूपट्टाच्या पोटात झाला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचाही तसाच, आणि त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. पुण्याच्या वस्त्यांत लातूर-धाराशिवकडून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. 'मग आमच्या गावाकडे का झाला?' हा प्रश्न त्यांच्या मुलांकडून यायलाच हवा. सिम्युलेशन चुकीचं नाही. कुठलंही मॉडेल काहीतरी सोडूनच तयार होतं, आणि काय सोडलं हे विचारायला शिकणं हाही विज्ञानाचाच भाग आहे.

आता आपल्या दारातला भूगोल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं मेली. पाऊस किती, उतार किती, माती किती उरली, सिमेंट किती झालं, ओढ्याचं पात्र किती रुंद राहिलं: हे आकडे बदलून पाहता येतात. स्क्रॅचसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आठवीचं मूल थोड्या मदतीने असं मॉडेल बनवू शकतं. संगणक नसेल तर एका ताटात मातीचा उतार आणि दुसऱ्यात त्याच उतारावर प्लास्टिक पसरून झारीने पाणी घाला. आयुकाच्या मुक्तांगणात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं, ते याच पुण्यात.

पुराचा दोष पहिल्यांदा काठावरच्या झोपड्यांवर येतो. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीतली घरं भर पावसाळ्यात पाडली गेली, तेव्हाही ओढ्याच्या कामाचंच कारण सांगितलं गेलं. वर डोंगरउतारावर सिमेंट ओतलं की खाली पाणी किती वेगाने येतं, हे ज्या मुलीने स्वतः आकडे बदलून पाहिलं आहे, ती उद्या वॉर्डाच्या बैठकीत वेगळे प्रश्न विचारेल. आपल्या मोर्च्यांना आणि निवेदनांना अशा प्रश्नांची फार गरज आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांकडे आमची मागणी छोटी आहे. विहारातल्या अभ्यासिकेत एक जुना लॅपटॉप ठेवा, सिम्युलेशन्स आधीच उतरवून ठेवा. एका वेळी तीनच मुलं बसवा, पाळीपाळीने. मोठ्यांनी माउसला हात लावायचा नाही.