भाच्याची मोटार

या सदरात एरवी मी शब्दांच्या खोड्या काढीत बसतो. दिवाळी अंकासाठी काहीतरी घरगुती लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा माझ्या टेबलावर, व्याकरणाच्या पुस्तकाशेजारी, सोळा स्प्रिंगा तेल लावून वर्तमानपत्रावर मांडलेल्या होत्या. आमच्या घरात सध्या याहून घरगुती असे काही नाही.

स्प्रिंगा भाच्याच्या. अक्काचा हा धाकटा इंजिनिअरिंगसाठी गेली तीन वर्षे कोल्हापुरात आमच्याकडे राहतो. त्याच्यापाशी एक पंचवीस वर्षांची मोटार आहे, आणि ती एकदा तरी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची हा त्याचा ध्यास. मोटारीतले मला कळते ते एवढेच, की किल्ली फिरवली की ती सुरू होते किंवा होत नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती होईनाशी झाली. भाचा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी त्याला आंबोळ्या करून घातल्या, आणि त्या खाताखाता सगळे बाहेर आले. इंजिनाच्या झडपा अधिक उचलणारा नवा कॅम त्याने बसवला होता, हायवेवर काटा सात हजारांवर नेला, आणि दोन झडपा पिस्टनवर आपटून वाकल्या. दुरुस्तीचा खर्च अक्काने फीसाठी पाठवलेल्या पैशांतून झाला होता. फीचे पैसे मग मी घातले. अक्काला मात्र "फी भरली" एवढेच कळवले. कर्ता गाळून वाक्य लिहिता येण्याची ही सोय मराठीत फार मोठी आहे. मी ती वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे.

यंदा श्रावणात भाच्याने पुन्हा पैसे मागितले. तोच कॅम परत बसवायचा, पण या खेपेस नव्या स्प्रिंगा आणि नवे रिटेनर घालून. मी दोन अटी घातल्या. हे नेमके काय आहे ते मला कळले पाहिजे, आणि भाऊबीजेला कऱ्हाडला गेल्यावर अक्काला सारे त्याने स्वतः सांगितले पाहिजे. पहिली अट त्याने लगेच मान्य केली आणि मला उद्यमनगरात घेऊन गेला.

उद्यमनगरातले मिस्त्री सत्तरीचे. सिलिंडर हेड बाकावर उलटे ठेवून त्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली.

"सर, झडप उघडतंय कोण?"

"कॅम," मी म्हणालो. एवढे पाठ करून गेलो होतो.

"आणि झाकतंय कोण?"

"तोसुद्धा कॅमच असेल."

"न्हाई! कॅम निस्ता वाटंतनं बाजूला हुतो. झडप माघारी आणती ती स्प्रिंग."

सहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते आणि पन्नास वेळा मिटते. आमच्या ग्रंथालयाच्या दाराला अशीच स्प्रिंग आहे. मधल्या सुट्टीत मुले इतक्या घाईने ये-जा करतात की दाराला मिटायला सवडच मिळत नाही. इंजिनातही तेच होते. कॅमची टेकडी पुढे सरकते, पण झडप तिच्यामागे येत नाही, क्षणभर अधांतरी राहते. तेवढ्यात खालून पिस्टन वर येतो. शिवाय वेग सव्वापट केला की झडपेला माघारी खेचण्याचे काम सव्वापट होत नाही, दीडपटीहून अधिक होते. भाच्याने सहा हजारांसाठी केलेल्या स्प्रिंगांकडून सात हजारांचे काम मागितले होते. त्यातून त्या पंचवीस वर्षांच्या. मिस्त्रींनी जुन्या स्प्रिंगा एकेक करून वजनकाट्यावर उभ्या केल्या आणि ड्रिल मशीनच्या दांड्याने ठरलेल्या उंचीपर्यंत दाबल्या. आठांपैकी एकीचाही आकडा दुसरीशी जुळेना. एक तर चार किलो कमी भरली. वाकलेल्या झडपांपैकी एक तिचीच होती.

रिटेनर म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरची बशीसारखी लहान वाटी. झडपेच्या दांड्याला ती कॉटरच्या दोन अर्धुकांनी आवळलेली असते. ही वाटी झडपेबरोबर पुरी वरखाली होते, म्हणून तिचे वजन स्प्रिंगला प्रत्येक वेळी उचलून आणावे लागते. टायटॅनियमची वाटी त्याच आकाराच्या पोलादी वाटीपेक्षा सुमारे चाळीस टक्के हलकी. भाच्याला अर्थातच टायटॅनियम हवे होते, आणि स्प्रिंगा कॅटलॉगातल्या सर्वांत कडक.

इथे दोघांचे वाजले. मिस्त्रींचे म्हणणे, कडक स्प्रिंग कॅमला खाते, ताकद फुकट घालवते, आणि टायटॅनियम स्प्रिंगखाली झिजते, ते दर हंगामात उघडून बघावे लागते. "तू रोज कालेजला जाणार ह्याच गाडीनं. किती फिरवणार, त्यो आकडा आधी सांग." भाच्याने मर्सिडीझचे उदाहरण काढले. १९५४-५५ च्या तिच्या शर्यतीच्या गाडीत झडपा मिटवायला स्प्रिंगच नव्हती, ते कामही कॅमच करी. मग रेनोने १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा वापरली तेही सांगितले. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "किती फिरवणार?" भाचा शेवटी सात हजारांवर आला. मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी मर्यादा स्वतःच्या तोंडाने उच्चारली.

ठरले ते असे. पोलादाच्याच पण हलक्या वाट्या, आणि दर झडपेला दोन स्प्रिंगा, एकीच्या पोटात दुसरी. आतलीचे वेढे उलट्या दिशेने, म्हणजे ते बाहेरच्या वेढ्यांत अडकत नाहीत. दोघी एकमेकींचा थरकाप आवरतात, आणि एक तुटली तरी दुसरी झडपेला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. झडप पुरी उघडली असता वेढ्यावर वेढा टेकता कामा नये, थोडी फट उरलीच पाहिजे, ती मिस्त्री स्वतः मोजणार. मी कौतुकाने एक स्प्रिंग पकडीने उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातून काढूनच घेतली. तारेवर ओरखडा उठला की तिथूनच ती पुढे तुटते म्हणे. वीस वर्षांत मला कोणी असे दटावले नव्हते.

येत्या रविवारी हेड चढेल. दुसऱ्या अटीबद्दल भाचा अजून काही बोलत नाही. परवा जेवताना म्हणाला, "मामा, आईला तुम्हीच सांगा ना. तुमचं ती ऐकते." मी नाही म्हणालो. पण नंतर ध्यानात आले, की अक्का हा दिवाळी अंक दरवर्षी घेते, आणि तो कऱ्हाडला आमच्या आधी पोचतो.

तेव्हा अक्का, फी मी भरली. उरलेले तो सांगेल, त्याला बोलू दे. आम्ही त्याच गाडीने येत आहोत. नव्या स्प्रिंगा एकदा तापून निवेपर्यंत इंजिन जोरात फिरवायचे नाही, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद आहे, म्हणून वाटेत थांबत थांबत येऊ. ओवाळायला थोडा उशीर होईल.