नर्सबाई शिकते आहे, आपल्या पाड्याचं काय?



या अंकात पहिल्या पानावर वनदाव्यांची अपिलं येणार होती. ती तिसऱ्या पानावर ढकलली आहेत. मागच्या बैठकीत बाया उठल्या आणि म्हणाल्या, जमिनीचं तर दर महिन्याला लिहिता, यावेळी दवाखान्याचं लिहा. पुरुष मंडळी जरा कुरकुरली. पण श्रावणात जे झालं ते माझ्याच घरात झालं, म्हणून लिहायचं काम माझ्यावर आलं.

वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. पाऊस थांबत नव्हता, नाल्याला पाणी होतं. पहाटे चौघांनी झोळी उचलली. दोन टेकड्या उतरून उपकेंद्रावर आलो तर कुलूप. पुढे सडकेपर्यंत चालायचं, १०८ ची गाडी तिथेच येते. बाळ वाटेतच झालं. आमच्या दाईआजीने तिला येत होतं ते सगळं केलं. पण बाळ रडलंच नाही, आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे तिथे कुणालाच येत नव्हतं. मला पण नाही. बारावी शिकलेली मी, नुसती बघत उभी होते. वहिनी वाचली.

बैठकीत सगळ्यांनी नर्सबाईला शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त मी. चार दिवसांनी भांडायलाच म्हणून उपकेंद्रावर गेले. बाई होती. तिने मला बसवलं, चहा केला आणि सांगितलं, त्या दिवशी तिला दुसऱ्या उपकेंद्राचं लसीकरण होतं. तिथली जागा रिकामी आहे, म्हणून दोन्ही तिच्याच गळ्यात. आणि तिच्या वर जो सीएचओ होता तो सात महिन्यांपूर्वी सोडून गेला. शहराकडचा होता. ऑर्डर निघाली आणि गेला.

मग ती म्हणाली, "मला सोळा वर्षं झाली इथे. बाळंतपणं किती केली ते मोजलं नाही. मी म्हणते, ते सहा महिन्यांचं शिक्षण मला द्या, मी करते त्याचं पण काम. तर म्हणतात, बाई, तुम्ही एएनएम आहात, तुम्हाला बसता येत नाही."

हे सहा महिन्यांचं शिक्षण काय आहे ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. मला पण नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१८ साली केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना आणली. तिचा एक भाग विम्याच्या कार्डाचा, तो सगळ्यांना ठाऊक आहे, कारण कार्डावर फोटो आहे. दुसरा भाग असा की देशातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सुधारून तिथे जास्त उपचार द्यायचे. पहिलं असं केंद्र १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला गावी उघडलं. ते पण आदिवासींचंच गाव. आधी या केंद्रांना आरोग्यवर्धिनी म्हणायचे, आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाटी दोनदा रंगवली. आमच्याकडे पाटीच काय ती नवी आहे.

उपकेंद्रावर जास्त उपचार द्यायचे तर ते देणारं माणूस हवं. एमबीबीएस डॉक्टर एवढे येणार नाहीत हे सरकारलाही कळतं. म्हणून सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, हे पद काढलं. तीन वर्षांची जीएनएम केलेली नर्स, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग केलेली नर्स किंवा आयुर्वेदाचा डॉक्टर, यांना सहा महिने वरचं शिक्षण द्यायचं. जिल्हा रुग्णालयात राहून शिकायचं, प्रमाणपत्र मुक्त विद्यापीठाचं किंवा राज्याच्या विद्यापीठाचं. ब्लडप्रेशर, साखर, टीबी ओळखणं, तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी, ताप-न्यूमोनियाचे पहिले उपचार, अडलेली बाळंतीण वेळेवर पुढे पाठवणं, आणि अवघड वाटलं तर मोबाईलवर ई-संजीवनीतून मोठ्या डॉक्टरला विचारून औषध देणं, असं सगळं त्यात येतं. पुढे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच हे धडे घातले, म्हणजे नव्या मुलींना वेगळे सहा महिने नकोत. मानधन दरमहा २५ हजार, आणि ठरवून दिलेलं काम झालं तर वर १५ हजारांपर्यंत.

कल्पना वाईट नाही. उलट मला तर चांगलीच वाटते. आपल्या काही साथींना मात्र पटत नाही. एक जुना साथी बैठकीत म्हणाला, "शहरवाल्याला पूर्ण डॉक्टर आणि जंगलवाल्याला सहा महिन्यांचा? आपण अर्धी माणसं आहोत का?" त्याचा राग खरा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन डॉक्टर पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाची डॉक्टरीण आणि रक्त पाहिजे, ही मागणी आपण सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. पण न्यूमोनिया झालेलं पोर डॉक्टरची भरती होईपर्यंत थांबत नाही. पाड्याजवळ कुणीतरी शिकलेलं पाहिजेच. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने तर पदवी नसलेल्या, गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं पण शिकवलं. १९९९ साली त्यांनी जगासमोर आकडे मांडले. त्या गावांत, ज्या गावांत काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं तर, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. आमच्या वाटेवर त्या पहाटे अशी एक बाई असती तर, हेच डोक्यात.

तेव्हा नर्सला जास्त शिकवण्यात काही चुकत नाही. चुकतं ते पुढे. शिकते कोण, आणि शिकून राहते कुठे?

बघा. आमच्या नर्सबाईसारखी एएनएम गावात राहते, बोली तिला येते, कुठल्या घरात सिकलसेल आहे, कोण ऊसतोडीला गुजरातला गेलंय, कुणाची सून माहेरी गेलीय, हे सगळं तिला तोंडपाठ. पण तिला या सहा महिन्यांत जागा नाही. तिला जायचं तर आधी तीन वर्षं जीएनएम करायचं, मग पुढचं. घर आणि नोकरी सांभाळून ती कशी जाणार? बाळंतपणाचं दीड वर्षाचं खास शिक्षण निघालं आहे, मिडवायफरीचं, ते पण जीएनएम आणि बी.एस्सी. वाल्यांनाच. एएनएमला वर चढायला एकच शिडी ठेवली आहे, ती म्हणजे खूप वर्षांनी पर्यवेक्षिका व्हायचं. पर्यवेक्षिका झाली की सहा उपकेंद्रांची रजिस्टरं तपासायची. म्हणजे हुशार झाली की बाळंतिणीजवळून उठवून टेबलाजवळ बसवायची. असलं कसलं बढतीचं गणित!

आता आपल्या पोरींचं. मी ज्या आश्रमशाळेत बारावी केली तिथे फक्त कला शाखा होती. मला नर्स व्हायचं होतं. सरांना विचारलं तर म्हणाले, बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते आपल्याकडे नाही. सायन्स तालुक्याच्या कॉलेजला होतं, पण तिथे राहायला वसतिगृहात नंबर लागला नाही. माझी गोष्ट मोठी नाही, प्रत्येक पाड्यावर अशा दोन-तीन आहेत. दहावीला गणितात चांगले मार्क मिळवलेल्या पोरी कला शाखेत इतिहास पाठ करत बसतात, मग लग्न, मग ऊसतोड. आणि सरकार म्हणतं स्थानिक उमेदवार मिळत नाही. विहिरीला दोरच दिला नाही आणि म्हणता पाणी काढत नाहीत.

२०१४ साली राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, तशी आरोग्यसेविका पण. त्यावर कोर्टकज्जे झाले, पोरांनी उपोषणं केली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सीएचओ तर कंत्राटी. शिकवलेला माणूस आला, वर्ष-दीड वर्ष राहिला, सही शिक्क्यासकट निघून गेला. त्याला दोष किती द्यायचा? राहायला खोली नाही, वीज दोन दिवस असते तीन दिवस नसते. ई-संजीवनीवर डॉक्टरला विचारायचं तर रेंज फक्त वरच्या टेकडीवर. पेशंट खाली आणि मोबाईल वर. शिवाय १५ हजार मिळवायचे तर आकडे ऑनलाईन भरावे लागतात, म्हणून संध्याकाळ टेकडीवर जाते. (आपण अजून स्टेन्सिल कापतो यावर हसणाऱ्यांनी हे पण ध्यानात घ्यावं.)

खोलीवरून आठवलं. उपकेंद्राची इमारत का होत नाही असं विचारलं की एकच उत्तर, जागा वनखात्याची आहे. हे उत्तर आपण वीस वर्षं ऐकतो. पण ज्या वनहक्क कायद्यासाठी आपण मोर्चे काढले त्या २००६ च्या कायद्यातच याचं उत्तर आहे. कलम ३, पोटकलम २ वाचा. दवाखाना, शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा १३ कामांसाठी एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. जे खातं इमारत बांधणार त्याने प्रस्ताव करायचा, ग्रामसभेने ठराव द्यायचा, मंजुरी उपवनसंरक्षकाच्या पातळीवर. दिल्लीला फाईल पाठवायची गरज नाही. त्या १३ कामांत कौशल्य शिक्षणाचं केंद्र पण आहे, हे किती जणांच्या ध्यानात आलं? आपण हे कलम रस्त्यासाठी वापरलं, दवाखान्यासाठी एकदाही वापरलं नाही. यात चूक वनखात्याची आहे तशी आपली पण आहे. दावे, सातबारा, मोजणी यात आपण इतके गुंतलो की जमिनीवर राहणाऱ्या बाईचं बाळंतपण हा आपला विषयच नाही असं चाललं होतं.

पेसाचा ५ टक्के निधी थेट गावाला येतो. तो खर्च कुठे झाला ते पण विचारा. आमच्याकडे त्यातून भांडी आणि स्पीकर आले. लग्नाला बरे पडतात. त्याच पैशातून पाड्यावरच्या एका पोरीची फी आणि राहणं भागलं असतं.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्या दिवशी आपण चार गोष्टी मागायच्या असं बैठकीत ठरलं. उपकेंद्राच्या जागेची शिफारस आणि सोबत नर्सच्या राहण्याची खोली. आपल्या भागातल्या निदान एका आश्रमशाळेत सायन्सची शाखा, शिक्षक आणि प्रयोगशाळेसकट, नुसता फलक नको. ज्या एएनएमने दहा वर्षांच्या वर आदिवासी भागात काम केलं तिला पगारी रजेवर वरचं शिक्षण आणि शिकून परत त्याच उपकेंद्रावर नेमणूक. आणि आशाताई, दाई यांना न रडणाऱ्या बाळाचं शिक्षण, दर वर्षी, हातात बाहुली देऊन. कागदावर सही घेऊन चहा पाजणं याला शिक्षण म्हणत नाहीत.

तिसऱ्या मागणीवर आपल्यात वाद झाला. काही म्हणाले, नियम दिल्लीचा आहे, ग्रामसभेच्या ठरावाने बदलणार नाही. बरोबर आहे. पण वनदावे पण एकेकाळी नियमात नव्हते. ठराव जिल्हा परिषदेला, प्रकल्प अधिकाऱ्याला आणि आरोग्य खात्याला जाऊ द्या. पोच घ्या. पोच नसेल तर ठराव दिलाच नाही असं धरतात, हा अनुभव आहे.

नर्सबाईला मी हा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, माझं नाव घालू नका, आणि एक गोष्ट लिहा. सातव्या महिन्यानंतर बाईला कळा सुरू होण्याची वाट बघू नका. पावसाळ्यात तारीख जवळ आली की नाल्याच्या अलीकडे नातेवाईकाकडे आणून ठेवा, मला निरोप द्या, मी येते. तिचा निरोप आहे, तो बडव्याच्या घरी पण सांगा, लोक आधी तिथेच जातात.

ठरावाचा मसुदा शेवटच्या पानावर आहे. तो फाडून वापरला तरी चालेल. सह्या-अंगठे ग्रामसभेतच घ्या, घरोघर कागद फिरवू नका. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि त्यात बाया किमान एक तृतीयांश. ज्या पाड्यांना अंक उशिरा मिळेल त्यांनी मंगळवारच्या बाजारात कार्यालयाच्या ओट्यावर यावं, तिथे जास्तीच्या प्रती ठेवल्या आहेत.